सियालदहचा फलाट आणि उत्तर बंगालचे आकाश : देशांतर्गत विमानवाहतुकीच्या अडचणींचा एक अभ्यास

कोलकात्याच्या सियालदह स्थानकातून रात्री दहाच्या सुमारास दार्जिलिंग मेल सुटते. उतारू शय्येवर पथारी पसरतो, झोपी जातो आणि सकाळी सुमारे ५७० किलोमीटरांवरील न्यू जलपाइगुडी स्थानकात जागा होतो. उत्तरबंग एक्सप्रेस व पदातिक एक्सप्रेस याच स्थानकातून निघून कूचबिहारच्या बाजूस जातात. गौड एक्सप्रेस माल्द्याकडे जाते. या गाड्यांतून व्यापारी, विद्यार्थी, चहामळ्यांतील नोकरदार आणि न्यायालयाच्या कामासाठी येणारे पक्षकार प्रवास करतात. त्यांच्याबरोबरच सियालदहला लागूनच असलेल्या नीलरतन सरकार रुग्णालयात उपचारासाठी निघालेले रुग्ण व त्यांचे नातेवाईकही असतात.

लहान शहरांना जोडणारी विमानसेवा आपल्याकडे वारंवार सुरू होते आणि वारंवार बंद का पडते, या प्रश्नाचा विचार करताना हे नित्याचे दृश्य सहसा ध्यानात घेतले जात नाही. अपुऱ्या धावपट्ट्या, महाग इंधन, अनुदानाची अनियमितता, वैमानिकांचा तुटवडा ही कारणे सांगितली जातात, आणि ती खरीही आहेत. परंतु या कारणांनी विमानसेवा महाग का पडते एवढेच उलगडते. उतारू विमानाकडे का वळत नाही, हे त्यांतून पुरते कळत नाही. त्यासाठी विमान नसते तर हा उतारू कसा गेला असता, असा प्रश्न विचारावा लागतो. उत्तर बंगालचा गेल्या पाऊण शतकाचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देण्यास विशेष उपयुक्त आहे. फाळणीने तेथील जमिनीवरील वाट एकाएकी तोडली, काही वर्षांनी ती पुन्हा जोडली गेली, आणि या दोन्ही घटनांचा विमानवाहतुकीवर झालेला परिणाम स्पष्टपणे पाहता येतो.

१. फाळणीपूर्वीची वाट

ईस्टर्न बेंगॉल रेल्वेचा पहिला मार्ग १८६२ साली कोलकात्याहून कुष्टियापर्यंत खुला झाला. पुढे उत्तरेकडील रुळांची भर पडत गेली. पद्मा नदी मात्र मध्ये आडवी होती आणि उतारूंना ती नावेने ओलांडावी लागे. १९१५ साली सारा येथे हार्डिंज पूल वाहतुकीस खुला झाला आणि हा अडथळा दूर झाला. १९२६ साली सिलिगुडीपर्यंतचा सर्व मार्ग रुंद रुळांचा झाला. सियालदहला गाडीत बसलेला उतारू राणाघाट, पोडादह, ईश्वरदी, सांताहार, पार्वतीपूर अशी स्थानके मागे टाकीत सकाळी हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचू लागला.

ऑगस्ट १९४७ मध्ये या मार्गाचा मोठा मधला भाग पूर्व पाकिस्तानात गेला. सियालदह भारतात राहिले, सिलिगुडीही भारतात राहिली, पण त्यांना जोडणारी वाट परदेशात गेली. दार्जिलिंग, जलपाइगुडी, कूचबिहार, आसाम आणि त्रिपुरा हे सर्व प्रदेश कोलकात्यापासून एकदम दूर झाले. त्याच काळात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या कुटुंबांनी सियालदहचे फलाट भरून गेले होते. मार्ग तुटणे म्हणजे काय, याचा अनुभव या स्थानकाइतका क्वचितच दुसऱ्या एखाद्या स्थानकाने घेतला असेल.

२. आगबोटीचा घाट आणि डकोटा विमान

पर्यायी लोहमार्ग उभारण्याचे काम सरकारने तातडीने हाती घेतले. किशनगंजपासून फकिराग्रामपर्यंतचा आसाम जोडमार्ग १९४८ मध्ये सुरू करून जानेवारी १९५० मध्ये उतारूंसाठी खुला करण्यात आला. अवघ्या दोन वर्षांत पुरे झालेले हे काम अभियांत्रिकीच्या दृष्टीने उल्लेखनीय होते. तथापि कोलकात्याच्या उतारूसमोर गंगा होतीच. त्याने रेल्वेने साहिबगंजच्या बाजूस जावयाचे, सक्रीगली घाटावर सामानसुमानासह उतरावयाचे, आगबोटीने मनिहारी घाट गाठावयाचा आणि तेथून अरुंद रुळांच्या गाडीत बसून सिलिगुडीकडे निघावयाचे, असा हा प्रवास होता. पावसाळ्यात गंगेचे पात्र बदले, वाळूचे पट्टे सरकत आणि घाटही हलवावे लागत. एके काळी एका रात्रीत होणाऱ्या प्रवासाला आता त्याहून कितीतरी अधिक वेळ लागू लागला आणि त्याचा भरवसाही उरला नाही.

याच पोकळीत उत्तर बंगालची विमानवाहतूक वाढली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराची डकोटा विमाने स्वस्तात विकली गेली होती. युद्धकाळात बांधलेल्या धावपट्ट्या ठिकठिकाणी पडून होत्या. एअरवेज इंडिया, कलिंग एअरलाइन्स, जामएअर यांसारख्या कंपन्यांनी कोलकात्याहून उड्डाणे सुरू केली. कूचबिहार, बालुरघाट, माल्दा, बागडोगरा यांबरोबरच डुआर्समधील चहामळ्यांलगतच्या साध्या पट्ट्यांवरही विमाने उतरू लागली. उतारूंबरोबर टपाल, औषधे व मळ्यांना लागणारा मालही त्यांतून जाई. १९५३ च्या कायद्याने देशातील आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स महामंडळ स्थापन झाले. त्यानंतरही जामएअरसारख्या अनियमित सेवा चालविणाऱ्या कंपन्यांची डकोटा विमाने सत्तरच्या दशकापर्यंत उत्तर बंगालच्या या लहान धावपट्ट्यांवर येत राहिली.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. त्या काळी देश आजच्यापेक्षा गरीब होता, धावपट्ट्या कच्च्या होत्या आणि हवामानशास्त्राची साधने तोकडी होती. आज ज्या अडचणींवर बोट ठेवले जाते त्यांपैकी बहुतेक सर्व तेव्हा अधिक तीव्र स्वरूपात अस्तित्वात होत्या. तरीही विमाने उडत होती, कारण खाली जमिनीवर त्यांना तुल्यबळ असा प्रतिस्पर्धी नव्हता.

३. फरक्क्यानंतर

गंगेवरील फरक्का धरणाच्या बांधकामाबरोबरच त्यावरून रेल्वे नेण्याची योजना होती. १९७१ साली फरक्क्यावरून गाड्या धावू लागल्या, तर धरण १९७५ साली कार्यान्वित झाले. न्यू जलपाइगुडीपर्यंतचा रुंद रुळांचा मार्ग साठच्या दशकातच तयार झाला होता. त्यामुळे पूल होताच सियालदहचा उतारू पुन्हा एका रात्रीत उत्तर बंगालमध्ये पोहोचू लागला. घाट संपले, आगबोट संपली आणि त्यांच्यामागोमाग लहान धावपट्ट्यांवरील नियमित उड्डाणेही विरळ होत गेली. सत्तरच्या दशकातील इंधनाची भाववाढ आणि डकोटा विमानांचे वार्धक्य यांनी हा ऱ्हास निःसंशय वेगवान केला. परंतु उतारूंची गरज पूर्वीइतकीच निकडीची राहिली असती, तर जुन्या विमानांच्या जागी नवी विमाने आली असती. तसे घडले नाही.

१९८१ साली लहान शहरांसाठी वायुदूत ही स्वतंत्र सरकारी कंपनी स्थापन करण्यात आली. तिच्या जाळ्यात कूचबिहारचाही समावेश झाला. परंतु ही कंपनी सतत तोट्यात राहिली आणि १९९३ साली तिचे इंडियन एअरलाइन्समध्ये विलीनीकरण करण्याचा निर्णय झाला. कूचबिहारचे विमानतळ पुन्हा ओस पडले. २०११ साली लहान विमानाची एक सेवा सुरू होऊन अल्पावधीतच थांबली. बालुरघाटला तर २००४ साली लोहमार्ग आला आणि तेथील युद्धकालीन धावपट्टीची निकड आणखी कमी झाली.

४. दोन संस्थाने, दोन विमानतळे

या निष्कर्षाची कसोटी आगरतळ्याच्या उदाहरणाने घेता येते. कूचबिहार आणि त्रिपुरा ही दोन्ही संस्थाने होती. त्रिपुरा ऑक्टोबर १९४९ मध्ये भारतात विलीन झाले, तर कूचबिहार १ जानेवारी १९५० रोजी पश्चिम बंगालचा जिल्हा झाले. दोन्ही राजधान्यांत संस्थानी काळापासूनचे विमानतळ होते. आगरतळ्याचे विमानतळ १९४२ साली महाराजा वीरविक्रम किशोर माणिक्य यांच्या पुढाकाराने उभे राहिले. फाळणीने दोन्ही नगरे कोलकात्यापासून सारखीच तुटली. पुढील वाटचाल मात्र अगदी भिन्न झाली.

कोलकाता ते आगरतळा हे आकाशमार्गाचे अंतर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर आहे. मध्ये संपूर्ण बांगलादेश पसरलेला असल्यामुळे भारतीय भूमीवरून जाणारी वाट सिलिगुडी, गुवाहाटी असा वळसा घेत दीड हजार किलोमीटरांहून अधिक लांब होते. आगरतळ्याला अरुंद रुळांची रेल्वे २००८ साली आणि रुंद रुळांची २०१६ साली पोहोचली. सियालदहहून निघणारी कांचनजंघा एक्सप्रेस त्यानंतर त्रिपुरापर्यंत जाऊ लागली, पण या प्रवासास दीड दिवसाहून अधिक वेळ लागतो. विमान तेच अंतर तासाभरात कापते. याचा परिणाम असा की आगरतळ्याची विमानसेवा फाळणीपासून अखंड चालू राहिली, तेथील वार्षिक उतारूंची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये नवी विस्तृत इमारत उभी राहिली.

आकाशमार्गाने कूचबिहार कोलकात्यापासून सुमारे सव्वाचारशे किलोमीटरांवर, म्हणजे आगरतळ्याहून थोडे अधिकच दूर आहे. आकाशातील अंतरावर विमानसेवेचे भवितव्य ठरत असते, तर कूचबिहारची स्थिती आगरतळ्याहून वाईट असण्याचे कारण नव्हते. दोहोंतील खरा भेद सियालदहच्या फलाटावर दिसतो. एका गाडीचा उतारू दुसऱ्या दिवशी घरी पोहोचतो, तर दुसऱ्या गाडीच्या उतारूला वाटेत दोन रात्री काढाव्या लागू शकतात. रात्रीच्या झोपेत सरून जाणाऱ्या प्रवासाचा वेळ उतारू खर्चात धरीत नाही. दिवसभराच्या कामाचा मात्र तो बारकाईने हिशेब ठेवतो.

५. धावपट्टी, आसने आणि इंधन

आता तांत्रिक व आर्थिक अडचणींकडे वळता येईल. कूचबिहारची धावपट्टी १,०६९ मीटर लांब आहे. डकोटा विमान अशा पट्टीवर उतरू शके. आजच्या किफायतशीर प्रादेशिक विमानांना, उदाहरणार्थ सुमारे सत्तर आसनांच्या एटीआर ७२ या विमानाला, पूर्ण भारासह उड्डाण करण्यास सुमारे तेराशे मीटर लांबी लागते. विमानतळाभोवती शहराची वस्ती वाढलेली असल्यामुळे धावपट्टी वाढविणे सोपे राहिलेले नाही. म्हणून २१ फेब्रुवारी २०२३ रोजी कोलकाता–कूचबिहार सेवा पुन्हा सुरू झाली, ती नऊ उतारूंच्या एका एंजिनाच्या सेस्ना विमानाने.

या आकड्याचा अर्थ सियालदहला उभे राहून समजून घेता येतो. नव्या बांधणीच्या तिसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात ७२ शय्या असतात. नऊ आसनांच्या विमानाची आठ उड्डाणे भरली, तर असा एक डबा भरतो, आणि गाडीला असे वीसेक डबे असतात. दोन वैमानिक, देखभाल करणारे तंत्रज्ञ, अग्निशामक दल, सुरक्षा कर्मचारी, हवाई नियंत्रण आणि विमानाचा हप्ता या साऱ्यांचा खर्च नऊ तिकिटांवर विभागला गेला की प्रत्येक तिकिटाचा भार मोठा होतो. मोठ्या विमानात हाच खर्च १८० आसनांवर पसरतो. त्यामुळे ज्या लहान नगरांतील उतारूंची मोठे भाडे देण्याची ऐपत सर्वात कमी, त्यांच्याच वाट्याला दर आसनी सर्वात महाग असे विमान येते.

इंधनाची स्थितीही अशीच आहे. भारतीय विमान कंपन्यांच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा अनेकदा चाळीस टक्क्यांच्या आसपास असतो. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा विमानाचे इंधन त्याबाहेर ठेवण्यात आले. त्यामुळे राज्याराज्यांतील विक्रीकराचे वेगवेगळे दर कायम राहिले आणि काही राज्यांत ते पंचवीस टक्क्यांच्याही वर होते. रेल्वेच्या उतारूभाड्याची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. ते खर्चाहून कमी असते आणि तूट मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून काढली जाते. म्हणजे एका साधनावर कर बसतो आणि दुसऱ्यास आधार मिळतो. ही विषमता अन्याय्य आहे, असे म्हणण्यापूर्वी रेल्वेचा उतारू कोण आहे, याचा विचार करावा लागेल. रात्रीच्या गाडीच्या साध्या शयनयान डब्यातील माणसाला मिळणारा आधार काढून घेऊन विमानवाहतूक वाढविणे, हे कोणत्याही लोकशाही शासनास परवडणारे धोरण नाही.

नियमितपणाची अडचण भाड्याहूनही गंभीर ठरते. हिवाळ्यात उत्तर बंगालवर धुके असते आणि पावसाळ्यात ढग खाली येतात. लहान विमानतळांवर कमी दृश्यतेत विमान उतरविण्याची साधने नसतात. दिवसाला एकच उड्डाण असले आणि तेही रद्द झाले, तर उतारूचा पूर्ण दिवस बुडतो. दोनदा असे घडल्यावर रुग्णालयाची किंवा न्यायालयाची ठरलेली तारीख गाठू पाहणारा माणूस पुन्हा विमानावर विसंबत नाही. गाडी दोन तास उशिरा आली तरी ती येते, हा त्याचा अनुभव असतो. शिवाय विमानतळ गाठण्याचा वेळही प्रवासातच मोडतो. कोलकात्याचे विमानतळ ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रो रेल्वेने जोडले गेले, तोपर्यंत शहराच्या रहदारीतून तेथवर पोहोचणे हाच एक स्वतंत्र प्रवास होता.

६. बागडोगरा आणि अंडाल

या विवेचनावर एक आक्षेप साहजिकच येईल. रात्रीची गाडी एवढी प्रभावी असेल, तर त्याच मार्गावरील बागडोगरा विमानतळ का भरभराटले, असा तो आक्षेप आहे. हवाई दलाच्या तळावरील या नागरी विमानतळाने करोनाच्या साथीपूर्वीच वर्षाला तीस लाखांहून अधिक उतारूंचा टप्पा गाठला. याची कारणे तपासता आधीचा निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण त्याच्या मर्यादा स्पष्ट होतात. बागडोगऱ्याची धावपट्टी लांब असल्याने तेथे मोठी विमाने उतरतात आणि दर आसनी खर्च कमी राहतो. दार्जिलिंग, सिक्कीम, भूतान यांकडे जाणाऱ्या पर्यटकांचा ओघ तेथे एकवटतो. त्यातील मोठा भाग दिल्ली, मुंबई, बंगळूरु अशा नगरांहून येतो, आणि या प्रवाशांसाठी गाडीचा प्रवास एका रात्रीत संपत नाही. दिवसाला अनेक उड्डाणे असल्यामुळे एक चुकले तरी दुसरे मिळते. शिवाय कूचबिहारमधील ज्याला खरोखर विमान हवे असते, तोही सुमारे दीडशे किलोमीटरांवरील बागडोगरा गाठतो. मोठ्या विमानतळाची ही ओढ शेजारच्या लहान विमानतळापुढील आणखी एक अडचण होऊन बसते.

दक्षिणेकडील अंडालचा अनुभव याच दिशेने निर्देश करतो. दुर्गापूर–आसनसोल औद्योगिक पट्ट्यासाठी खासगी भांडवलाने उभारलेले हे विमानतळ २०१५ साली सुरू झाले. आरंभी कोलकाता–दुर्गापूर उड्डाण चालविण्यात आले. परंतु हे अंतर रेल्वेने तीन तासांच्या आत कापता येते, आणि ती सेवा टिकली नाही. पुढे २०१८ नंतर दिल्ली, मुंबई, हैदराबाद यांसारख्या दूरच्या नगरांकडे जाणारी उड्डाणे सुरू झाली तेव्हा उतारू मिळू लागले. धावपट्टी तीच होती, इंधनही तेच होते. बदलले ते केवळ उड्डाणाचे गंतव्यस्थान.

७. उडान योजनेचा अनुभव

२०१६ साली केंद्र सरकारने प्रादेशिक संपर्क योजना जाहीर केली. ‘उडान’ या नावाने ती ओळखली जाते. २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला–दिल्ली या मार्गावर तिचे पहिले उड्डाण झाले. सुमारे तासाभराच्या प्रवासास २,५०० रुपये भाडे, ठरावीक आसनांवरील तूट तीन वर्षे भरून देणे, त्या काळात मार्गाचा एकाधिकार आणि विमानतळ शुल्कात सूट, अशी तिची रचना होती. तुटीचा निधी मुख्यतः मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवून उभारला गेला व राज्यांनीही आपला वाटा दिला.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०२३ साली या योजनेवर अहवाल सादर केला. त्यातील आकडे विचार करावयास लावणारे आहेत. पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग देण्यात आले, त्यांपैकी ४०३ मार्गांवर उड्डाण सुरूच होऊ शकले नाही. सुरू झालेल्या ३७१ मार्गांपैकी तीन वर्षांची पूर्ण मुदत केवळ ११२ मार्गांनी पार पाडली. अनुदान संपल्यानंतर मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिलेले मार्ग अवघे ५४, म्हणजे मूळ मार्गांच्या सात टक्के होते.

योजनेचा गृहीत पक्ष असा होता की तीन वर्षांत उतारूंना विमानाची सवय लागेल व पुढे मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील. हा तर्क काही ठिकाणी खरा ठरला. परंतु जेथे रात्रीची गाडी सोयीची आहे आणि विमान नऊ किंवा अठरा आसनांचे आहे, तेथे सवय लागूनही दर आसनी खर्च खाली येत नाही. विमान पूर्ण भरले तरी तूट राहते. म्हणून अनुदानाचा कालावधी वाढविण्याचा प्रश्न येथे दुय्यम आहे. मार्गाची निवड करतानाच जमिनीवरील पर्यायाची पाहणी होणे अधिक महत्त्वाचे आहे.

८. घाना आणि कोकण

हा प्रश्न केवळ बंगालचा नाही. पश्चिम आफ्रिकेतील घानामध्ये लोहमार्ग दक्षिण भागापुरताच राहिला आणि उत्तरेकडील तामाले नगराला राजधानी अक्राशी जोडणारी रेल्वे नाही. रस्त्याने हा प्रवास बराच लांब पडतो, त्यामुळे तेथील अक्रा–तामाले उड्डाणास स्वाभाविक आधार आहे. अक्रा–कुमासी हे अंतर मात्र सुमारे दोनशे किलोमीटरांचेच आहे. तेथे रस्ता सुधारेल तसतसे विमानापुढील आव्हान वाढत जाते. घानाने देशांतर्गत तिकिटांवर १७.५ टक्के मूल्यवर्धित कर बसविला होता, तो २०१७ साली काढून टाकला. कर आणि इंधन यांची अडचण तेथेही आहे, पण तिची तीव्रता एकाच देशातील दोन मार्गांवर सारखी नाही. ज्या मार्गावर उतारूपुढे दुसरी सोयीची वाट नाही, तो मार्ग कराचा भार काही काळ सोसू शकतो.

मराठी वाचकास कोकणातील उदाहरण अधिक जवळचे वाटेल. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले व मुंबईकडे उडान योजनेखाली सेवा सुरू झाली. तीन वर्षांची मुदत संपल्यावर २०२४ साली ती खंडित झाली. मुंबई–सिंधुदुर्ग प्रवास कोकण रेल्वेच्या गाडीने एका रात्रीत होतो. त्यातच गोव्यातील मोपा येथील मोठे विमानतळ जानेवारी २०२३ पासून वाहतुकीस खुले झाले. कूचबिहारच्या दोन्ही अडचणी, म्हणजे रात्रीची गाडी आणि शेजारचे मोठे विमानतळ, येथे तशाच आढळतात. सावंतवाडी आणि कूचबिहार ही देशाच्या दोन टोकांची गावे असली, तरी त्यांच्या विमानसेवेपुढील प्रश्न एकच आहे.

९. राखीव वाटेचे मोल

यावरून लहान विमानतळे निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ऑक्टोबर १९६८ मध्ये तिस्ता नदीला आलेल्या महापुराने जलपाइगुडी नगर उद्ध्वस्त केले. ऑगस्ट २०१७ मध्ये बिहारच्या किशनगंज–कटिहार भागातील पुराने लोहमार्ग व पूल वाहून गेले आणि उत्तर बंगाल व ईशान्य भारताकडील रेल्वे वाहतूक दोन आठवड्यांहून अधिक काळ विस्कळीत राहिली. सियालदहच्या उत्तरेकडील गाड्या रद्द झाल्या. तेवढ्या दिवसांपुरती १९४७ ची स्थिती परत आली आणि आकाशातील वाटेचे मोल पुन्हा प्रकट झाले. उत्तर बंगालचा देशाशी असलेला भूमार्ग सिलिगुडीजवळच्या अरुंद पट्ट्यातून व गंगेवरील मोजक्या पुलांवरून जातो. अशा प्रदेशात धावपट्ट्या सुस्थितीत ठेवणे ही चैन नव्हे.

परंतु राखीव वाट आणि नित्याची सेवा यांचे हिशेब वेगळे आहेत. धावपट्टीची निगा, हवामान नोंदीची व्यवस्था, पूर व आजारपणाच्या प्रसंगी विमान उतरविण्याची तयारी यांवरील खर्च हा संरक्षणात्मक खर्च आहे आणि तो शासनाने उघडपणे तसाच मानून करावा. रोजच्या उड्डाणास दिले जाणारे अनुदान मात्र प्रवासाची सोय किती वाढली, या मापाने तपासावे लागेल. या दोन हेतूंची सरमिसळ झाली की विमानतळाचे उद्घाटन होते, काही महिने विमान येते, मग ते थांबते; आणि अपयशाच्या छायेत धावपट्टीचीही उपेक्षा होते.

या प्रश्नातील खरी बाजी त्या रुग्णाची आहे, जो कूचबिहारहून रात्रभर प्रवास करून सियालदहला उतरतो आणि समोरच्या रुग्णालयाच्या दारी रांगेत उभा राहतो. त्याला नऊ आसनांच्या विमानाचा लाभ क्वचितच मिळेल. त्याच्या प्रवासाची गरज कमी करणारा एक उपाय २०१९ साली कूचबिहारलाच वैद्यकीय महाविद्यालय सुरू होण्याने घडला. दळणवळणाच्या धोरणात अशा उपायांचीही गणना व्हावी. कारण प्रवासाचे साधन वाढविणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच अनिच्छेने करावा लागणारा प्रवास टाळणेही महत्त्वाचे आहे.

देशांतर्गत विमानवाहतुकीचे नियोजन करणाऱ्याने नकाशावर दोन नगरांमध्ये सरळ रेषा ओढण्यापूर्वी म्हणूनच तीन गोष्टी तपासाव्यात. जमिनीवरील प्रवास एका रात्रीत पुरा होतो काय, धावपट्टी किफायतशीर विमानास पुरेशी आहे काय, आणि दिवसाला एकाहून अधिक उड्डाणे देता येतील काय. आगरतळ्याच्या बाबतीत पहिल्याच प्रश्नाचे उत्तर विमानाच्या बाजूने लागले. कूचबिहारच्या बाबतीत तिन्ही उत्तरे प्रतिकूल होती. ती शोधण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नव्हती. सियालदहच्या फलाटावरील गाड्यांचे वेळापत्रक आणि त्यांची गर्दी यांतच ती लिहिलेली होती.